नारिंगी माती: चंद्रावर गेलेल्या भूशास्त्रज्ञाचं व्याख्यान

गारगोटी | रवि. रात्री ९:४२

माळा आवरताना एक जुनी वही सापडली आणि आवरणं तिथेच थांबलं. काही वर्षांपूर्वी आम्ही न्यू मेक्सिकोत राहत होतो, तेव्हा हॅरिसन श्मिट यांचं एक जाहीर व्याख्यान ऐकलं होतं, त्याची टिपणं. नाव पटकन आठवणार नाही कुणाला. चंद्रावर बारा माणसं चालली, त्यातली अकरा मुळात वैमानिक. बारावा भूशास्त्रज्ञ, तो हा.

खरं सांगते, मी नवऱ्याच्या आग्रहाखातर गेले होते. पुण्यात भूशास्त्रात एमएस्सी करून तेव्हा पंधरा वर्षं झाली होती आणि पोटापाण्यासाठी मी विमा कंपनीत आकडे जुळवत होते. वाटलं, रॉकेट, झेंडा, टाळ्या असं काहीतरी असेल, पोरं खूश होतील. सुरुवात झालीही तशीच. मग पडद्यावर चंद्रावरच्या टॉरस-लिट्रो दरीचा फोटो आला आणि म्हातारबुवा जे सुटले ते सुटलेच. पुढे तासभर रॉकेटचं नाव नाही, नुसते दगड. पोरं झोपली आणि मी वही काढली.

आधी माणसाबद्दल. जन्म १९३५, सांता रीटा नावाच्या तांब्याच्या खाणगावात. वडील खाणींमध्ये काम करणारे भूशास्त्रज्ञ. ते गाव आता नाही. खाण रुंदावत गेली आणि तिने गाव गिळलं. घरं होती तिथे आता खड्ड्यावरची मोकळी हवा आहे, म्हणून तिथे जन्मलेले लोक गमतीने स्वतःला 'अवकाशात जन्मलेले' म्हणवतात. पुढे कॅलटेक, मग नॉर्वे, १९६४ मध्ये हार्वर्डची पीएचडी, आणि मग ॲरिझोनातल्या फ्लॅगस्टाफला, चंद्राचा अभ्यास करणारे भूशास्त्रज्ञ युजीन शूमेकर यांच्या हाताखाली. १९६५ मध्ये नासाने पहिल्यांदाच शास्त्रज्ञांमधून अंतराळवीर निवडले, त्यात हे होते. जेट विमान चालवायला त्यानंतर शिकले.

पण निवड झाली म्हणजे चंद्र मिळाला असं नाही. त्यांचा नंबर अपोलो १८ वर लागेल असं चिन्ह होतं आणि १९७० मध्ये १८ रद्द झालं. शास्त्रज्ञ मंडळींनी ओरड केली: एवढा खर्च करून दगड आणायला निघालात आणि दगड ओळखणारा एकही माणूस पाठवत नाही? शेवटी अपोलो १७ मधून जो एंगल या कसलेल्या वैमानिकाला उतरवून त्या जागी श्मिटना बसवलं. मला त्या एंगलबद्दल अजून वाईट वाटतं. कन्फर्म तिकीट हातात असताना फलाटावर उतरवल्यासारखं.

११ डिसेंबर १९७२ ला युजीन सर्नन आणि श्मिट दरीत उतरले. वर रॉन इव्हान्स एकटा घिरट्या घालत होता. दोन्ही बाजूंना दोन किलोमीटरहून उंच डोंगर. आपलं कळसूबाई समुद्रसपाटीपासून मोजलं तरी १६४६ मीटर, तिथला दक्षिणेकडचा डोंगर दरीच्या तळापासूनच त्याहून उंच. हवा नाही, त्यामुळे धूसरपणा नाही, त्यामुळे लांबचा डोंगर लांब वाटतच नाही. झाड नाही, खांब नाही, माणूस नाही, उंची मोजणार कशाशी?

तीन दिवस, रोज सात-साडेसात तासांची एक फेरी, गाडीतून एकूण सुमारे ३५ किलोमीटर, आणि परत येताना ११० किलो दगडमाती. आकडे कुठेही मिळतील. मला सांगायचंय ते दुसऱ्या फेरीतल्या शॉर्टी नावाच्या विवराबद्दल.

जागा निवडताना या विवराकडे आधीपासून डोळा होता. वरून घेतलेल्या फोटोंत त्याच्या भोवती काळं कडं दिसायचं. शिवाय अपोलो १५ च्या वेळी वर फिरत असलेल्या आल वर्डनला या भागात ज्वालामुखीच्या छोट्या शंकूंसारखं काहीतरी दिसलं होतं. त्यामुळे चंद्रावरचा एखादा 'तरुण' ज्वालामुखी सापडेल अशी आशा. विवर लहानच, शंभर-सव्वाशे मीटर रुंद. काठावर एक मोठा फुटका दगड. श्मिट त्याच्या आसपास चालत असताना बुटाने वरची राखाडी माती विस्कटली आणि खालून नारिंगी रंग दिसला.

तुम्ही म्हणाल, त्यात काय? अहो, दीड दिवस या माणसाने राखाडी, काळं, पांढरट याखेरीज रंगच पाहिलेला नाही. आधीच्या मोहिमांचीही बहुतेक तीच कथा. सर्ननने आधी सांगितलं, मी पाहेपर्यंत ते हलवू नकोस. मग त्यानेच डोळ्यांवरची सोनेरी काच वर करून पुन्हा पाहिलं, काचेचा तर खेळ नाही ना म्हणून. तरी नारिंगीच. मग श्मिटनी चर खणला. मधे नारिंगी पट्टा, दोन्ही बाजूंना राखाडी माती. नळी ठोकली तर खालून काळंकुळकुळीत काहीतरी आलं. आणि हे सगळं घड्याळाकडे बघत, कारण गाडी बंद पडली तर उरलेल्या ऑक्सिजनवर यानापर्यंत चालत परतता आलं पाहिजे असा हिशेब होता. अर्ध्या तासाच्या जरा वर वेळ मिळाला तिथे.

आता कोडं. नारिंगी माती कशाची? त्या दोघांचा आणि ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षात बसलेल्यांचा पहिला अंदाज काय असेल? ज्यांना माहीत आहे त्यांनी लगेच उत्तर फोडू नका, विशेषतः मास्तर, तुम्ही!

पोरांना झोपवायचंय, उरलेलं उद्या.


शंकासुर | रवि. रात्री १०:१५

मस्त धागा ताई. नारिंगी म्हणजे गंज, दुसरं काय? लोखंड अधिक पाणी. म्हणजे चंद्रावर पाणी होतं आणि ते १९७२ लाच कळलं होतं? मग आपलं चांद्रयान-१ कशाला एवढं गाजलं?


घाटावरचा_ठेकेदार | रवि. रात्री १०:५८

आमच्यासारख्या अडाण्याचा अंदाज. रस्त्यासाठी घाट फोडताना काळ्या कातळात मधेच वीतभर-हातभर लाल पट्टा लागतो. वर कातळ, खाली कातळ, मधे हे लाल मऊ. तिथूनच पाणी झिरपतं आणि तिथूनच दरड सुटते, म्हणून आमचे इंजिनिअर त्याच्या नावाने बोटं मोडतात. तसलंच काही असेल का?


जुना_मास्तर | सोम. सकाळी ६:२०

गारगोटी, गप्प बसलो आहे. पण ठेकेदारसाहेबांना अडाणी म्हणून घ्यायचं काही कारण नाही एवढंच नोंदवतो.


सत्यशोधक_९९ | सोम. सकाळी ८:०४

हवा नाही तर झेंडा कसा फडकला? स्टुडिओत शूटिंग झालं सगळं. झोपलेल्यांना जागं करता येतं, सोंग घेतलेल्यांना नाही.


उंटावरचा_शहाणा | सोम. सकाळी ९:३०

आले. म्हटलं अजून कसे नाहीत. झेंड्याला वरून आडवी दांडी होती, हे या संस्थळावर निदान चार धाग्यांत सांगून झालंय.


गारगोटी | सोम. सकाळी १०:१०

झेंड्यावर मी बोलणार नाही, माझा विषय दगड. चंद्रावरून आणलेल्या दगडांवर सुईच्या टोकाएवढे, काचेचं अस्तर असलेले खड्डे असतात. धुळीच्या कणाएवढी उल्का हवेचा अडथळा नसल्यामुळे सेकंदाला कित्येक किलोमीटर वेगाने थेट येऊन आदळते, त्याची ती खूण. पृथ्वीवर असे कण वातावरणातच जळतात. शिवाय त्या दगडांत पाणी धरलेली खनिजं जवळपास नाहीतच. आपल्याकडच्या बेसाल्टच्या, म्हणजे काळ्या कातळाच्या पोकळ्या झिओलाइटने भरलेल्या असतात, कारण इथे पाणी झिरपतं. तिथले बुडबुडे रिकामे. हा माल स्टुडिओत बनवून जगभरच्या प्रयोगशाळांना पन्नास वर्षं फसवायचं, तर त्यापेक्षा चंद्रावर जाणं सोपं पडलं असतं. चंद्राभोवती फिरणाऱ्या नासाच्या एलआरओ यानाने त्या दरीतल्या गाडीच्या चाकोऱ्यांचे फोटोही काढलेत.

आता कोड्याचं उत्तर. शंकासुर, तुमचा अंदाज थेट ह्यूस्टनच्या पंगतीत बसणारा आहे. त्यांनाही पहिल्यांदा तेच वाटलं: ज्वालामुखीच्या भेगेतून वाफ निघाली असेल, तिने लोखंड गंजवलं असेल, म्हणजे इथे अलीकडेपर्यंत ज्वालामुखी जागा असेल. सगळे जाम खूश. पुढचं मास्तर सांगतील. आता बोला मास्तर, सुटका केली तुमची.


जुना_मास्तर | सोम. दुपारी ३:४५

आभार. लांबेल, सांभाळून घ्या.

नमुना पृथ्वीवर आला, ७४२२० असा क्रमांक मिळाला आणि सूक्ष्मदर्शकाखाली गेला. गंज नव्हता. माती म्हणावी अशी मातीही नव्हती. ते काचेचे मणी होते. केसाच्या जाडीहूनही बारीक, बरेचसे गोल गरगरीत, मधाच्या थेंबासारखे पारदर्शक नारिंगी. रंग टायटॅनियम आणि लोखंडामुळे. खालून आलेलं काळं म्हणजे त्याच रसायनाचे मणी, फक्त जरा सावकाश थंड झाल्यामुळे आत बारीक स्फटिक धरलेले.

हे मणी कसे होतात? दिवाळीतला अनार डोळ्यांसमोर आणा. खोलवरून येणाऱ्या लाव्हात वायू विरघळलेले असतात. दाब सुटला की ते फसफसून बाहेर पडतात आणि लाव्हाचं कारंजं उडतं. हवाई बेटांवर ते आजही दिसतं. चंद्रावर हवा नाही आणि गुरुत्व सहावा हिस्सा, त्यामुळे कारंजं फार उंच आणि फार लांब. थेंब उडतानाच गोठतात आणि काचेचे होऊन खाली पडतात.

आणि वय? 'तरुण' ज्वालामुखी शोधायला गेले होते ना? मणी निघाले सुमारे ३.६ अब्ज वर्षांपूर्वीचे, म्हणजे ३६० कोटी. आपला दख्खनचा कातळ साधारण ६.६ कोटींचा. शॉर्टी विवर ज्वालामुखीचं नव्हेच, उल्केच्या आघाताचं. भूशास्त्राच्या हिशेबात परवा-परवा एक उल्का तिथे पडली आणि खाली झाकून राहिलेला हा थर तिने उकरून वर काढला. काळं कडं दिसत होतं ते त्या काळ्या मण्यांमुळे.

ठेकेदारसाहेब, तुमच्या लाल पट्ट्याला आम्ही 'लाल बोल' म्हणतो. एक लाव्हाचा थर येऊन गेला, मधे बराच काळ गेला, वरचा भाग कुजला, त्यावर राखही पडली असेल, मग पुढचा थर येऊन बसला आणि त्याने खालचं भाजून झाकून टाकलं. चंद्रावर कुजणं नाही, पाऊस नाही, त्यामुळे पदार्थ वेगळा. पण 'दोन घटनांच्या मधल्या काळाचा पुरावा झाकलेल्या थरात सापडतो' हे सूत्र तेच. तुम्ही बरोबर जागी बोट ठेवलंत.

पाण्याचं म्हणाल तर गंमत आहे. गंजाचा अंदाज चुकला, तरी शंकासुर अगदीच चुकलेले नाहीत. २००८ मध्ये अल्बेर्तो साल आणि सहकाऱ्यांनी अपोलोच्या काचमण्यांमध्ये पाण्याचे अंश मोजून दाखवले. २०११ मध्ये एरिक हाउरी आणि मंडळींनी याच ७४२२० मधल्या स्फटिकांत अडकलेले लाव्हाचे सूक्ष्म थेंब तपासले. बाहेरचा मणी उडताना पाणी गमावतो, स्फटिकाच्या पोटात अडकलेला थेंब गमावत नाही. त्या थेंबांतलं पाणी पृथ्वीवर समुद्रतळाशी निघणाऱ्या लाव्हाच्या तोडीचं निघालं. चांद्रयान-१ ने पाहिलं ते पृष्ठभागावरचं, हे पोटातलं. दोन्ही वेगळ्या गोष्टी, म्हणून दोन्ही गाजल्या.

मी शिकवत असताना सहलीच्या वहीत पहिल्या पानावर निष्कर्ष लिहिणाऱ्या पोराचे गुण कापायचो. आधी काय दिसलं ते लिही, मग काय वाटलं ते. श्मिटचं बोलणं मी इंग्रजीत वाचलं आहे. त्या उत्साहातही तो माणूस चराची रुंदी, रंग कुठे संपतो, कड तिरकी की उभी हे बोलत सुटला होता. अंदाज चुकला तरी नोंद चुकली नाही. त्या नोंदीवर अजून काम चालू आहे.


मावळतीची_उन्हे | सोम. संध्या. ७:१२

मास्तर, __/\__

अनाराचं उदाहरण मुलाला सांगितलं. आता विचारतोय, चंद्रावर फुलबाज्या पण होत्या का.


लोणारकर | सोम. रात्री ९:०५

बुलढाणा जिल्ह्यातून हजेरी. आमच्या गावाचं नाव अजून कसं निघालं नाही याचं नवल करत बसलो होतो.

आमचं सरोवर म्हणजे बेसाल्टात पडलेला उल्केचा खड्डा, सुमारे १.८ किलोमीटर रुंद. बेसाल्टातले एवढे जपून राहिलेले खड्डे पृथ्वीवर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि चंद्रावरचे काळे डाग सगळे बेसाल्टच. त्यामुळे चंद्राचा अभ्यास करणारे आमच्याकडे येतात. आजोबा सांगायचे, सत्तरच्या सुमाराला गोरे लोक येऊन भोकं पाडून गेले. लोकांना वाटलं खजिना शोधतात. पुढे कळलं की स्मिथसोनियनचे फ्रेड्रिकसन आणि आपल्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची मंडळी होती. १९७३ मध्ये त्यांनी छापलं की हा खड्डा आघाताचाच. पुरावा काय, तर मास्केलिनाइट. आघाताच्या दाबाने न वितळताच काच झालेलं फेल्डस्पार नावाचं खनिज. मास्केलिनाइट पहिल्यांदा ओळखलं गेलं बिहारमधल्या शेरघाटीला १८६५ साली पडलेल्या उल्केत.

नाहीतर त्याआधी कित्येक वर्षं आमचं सरोवर ज्वालामुखीचंच आहे असं म्हणणारे विद्वान होते. शॉर्टीसारखंच झालं की. आणि वय तर अजून हलतंय. आधी ५० हजारांच्या आसपास म्हणायचे, नंतरच्या मोजणीत साडेपाच लाखांच्या पुढे गेलं. आमच्या गावाला आपलं वय माहीत नाही, लग्नाळू मुलासारखं.


उंटावरचा_शहाणा | मंगळ. सकाळी ११:२०

सगळं छान चाललंय, पण जरा विरोधी सूर लावतो, राग नसावा.

माणूस पाठवलाच पाहिजे होता का? अपोलोचा खर्च डोळे फिरवणारा. रशियाने त्याच काळात यंत्र पाठवून चंद्राची माती आणली. चीनने २०२० आणि २०२४ मध्ये आणली, तीही दुसऱ्या वेळी पलीकडच्या बाजूची. आपण चांद्रयान-३ किती पैशांत केलं ते सगळ्यांना तोंडपाठ आहे. भूशास्त्रज्ञाला तिथे नेऊन दगड दाखवण्यापेक्षा दगड भूशास्त्रज्ञाकडे आणा, स्वस्त पडतं.

दुसरं. अपोलो १५ ला गेलेले स्कॉट आणि आयर्विन काही भूशास्त्रज्ञ नव्हते. तरी त्यांनी ॲनॉर्थोसाइटचा तो सुप्रसिद्ध 'जेनेसिस रॉक' ओळखून उचललाच की. मग वैमानिकाला चार महिने शिकवलं तर पुरतं, असंच सिद्ध होत नाही का? एंगलचं तिकीट उगाच गेलं म्हणायचं.


गारगोटी | मंगळ. रात्री ९:५०

शहाणेबुवा, मुद्दा रास्त आहे आणि मला त्याचं पूर्ण उत्तर नाही. पण दोन गोष्टी.

स्कॉट-आयर्विनना शिकवलं कुणी? कॅलटेकचे भूशास्त्रज्ञ ली सिल्व्हर. त्यांना या कामाला जुंपलं ते श्मिटनीच. आधी अंतराळवीरांना वर्गात बसवून खनिजांची नावं घोकायला लावायचे आणि ते जांभया द्यायचे. सिल्व्हरनी त्यांना वाळवंटात नेलं, टेकडीसमोर उभं केलं आणि म्हटलं, काय दिसतं ते रेडिओवर सांगा. त्यामुळे १५ चं श्रेय वैमानिकांना द्या, जरूर द्या, पण त्यात एक वाटा या बाराव्याचाही आहे.

दुसरं म्हणजे वेग. प्रज्ञान दहा-अकरा दिवसांत शंभरेक मीटर फिरला. त्याने २३ ठिकाणी मातीचं रसायन मोजलं आणि त्यावर अहमदाबादच्या पीआरएल या संशोधन संस्थेतल्या मंडळींचा शोधनिबंध २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये आला. मोठं काम आहे ते, मला अभिमान आहे. पण नारिंगी पट्टा दिसला तेव्हा श्मिटच्या हातात अर्धा तास होता. तेवढ्यात पाहणं, शंका घेणं, खणणं, दोन्ही बाजूंची माती तुलनेला घेणं, नळी ठोकणं, फोटो, सगळं झालं. पृथ्वीवरून आज्ञा देत बसलो असतो तर गाडी बहुधा वळवून पुढे गेली असती, कारण वरून ती जागा राखाडीच होती.

तरी तुमचं म्हणणं उरतंच, की त्याच पैशात शंभर प्रज्ञान गेले असते.


मिसळ_पाव_नको_फक्त_कट | मंगळ. रात्री १०:३०

हे ॲनॉर्थोसाइट प्रकरण काय आहे? माझ्या डोक्यावरून गेलं.


गारगोटी | मंगळ. रात्री १०:४६

तुमच्याच नावाने सांगते. चंद्र जन्मला तेव्हा बाहेरून खोलवर वितळलेला होता. शिलारसाचा समुद्रच म्हणा. तो थंड होताना जड खनिजं खाली बसली आणि प्लॅजिओक्लेज फेल्डस्पार हलकं म्हणून वर तरंगलं, मिसळीवरच्या तर्रीसारखं. ती गोठलेली तर्री म्हणजे ॲनॉर्थोसाइट. फक्त लाल नाही, पांढरी. आपल्याला चंद्राचा जो उजळ भाग दिसतो तो हाच. काळे डाग म्हणजे नंतर खालून आलेल्या बेसाल्टने भरलेले आघाताचे खड्डे.

कल्पना अपोलो ११ च्या मातीतल्या पांढऱ्या कणांवरून आली. नखाएवढेसुद्धा नव्हते ते. प्रज्ञानने दक्षिणेकडे जे मोजलं ते या तर्रीच्या गोष्टीशी जुळलं.


घाटावरचा_ठेकेदार | बुध. सकाळी ७:१५

आता गाडी आमच्या रुळावर आली. चंद्रावर खणायला कसं असतं? मुरूम, की राख?


जुना_मास्तर | बुध. दुपारी ४:००

वरचे चार बोटं मैद्यासारखं भुसभुशीत, त्याखाली विलक्षण घट्ट. कोट्यवधी वर्षं बारीकसारीक आघातांनी ठोकून ठोकून बसलेलं. अपोलो १७ ला तीन मीटर खोल भोक पाडलं, ते पडलं. पण नळी बाहेर काढताना दोघांचा जीव मेटाकुटीला आला, जॅक लावून उपसावी लागली.

आणि धार. वारा-पाण्याने कणांचे कोपरे झिजतात, तिथे ते दोन्ही नाहीत. कण फुटक्या काचेसारखे राहतात. हातमोजे घासले गेले, नमुन्यांच्या पेट्यांची तोंडं नीट बंद होईनात. सर्ननच्या खिशातला हातोडा अडकून गाडीचा मडगार्ड तुटला, तर चाकाची धूळ डोक्यावर पावसासारखी पडू लागली. मग चार नकाशे चिकटपट्टीने जोडून त्याचा मडगार्ड केला.

जाता जाता सांगतो, इस्रोला चाचणीसाठी चंद्रासारखी माती हवी होती तेव्हा ती तामिळनाडूत नामक्कलजवळच्या सित्तमपुंडीच्या ॲनॉर्थोसाइटपासून तयार केली.


घाटावरचा_ठेकेदार | बुध. दुपारी ४:२२

म्हणजे चंद्राची माती नामक्कलहून ट्रकने. रॉयल्टीची पावती कुणाच्या नावाने फाडली असेल हो? (हलके घ्या.)


नाककानघसा | बुध. रात्री ११:०५

नावावरून धंदा कळलाच असेल. श्मिटना पहिल्या फेरीनंतर यानात हेल्मेट काढल्यावर नाक चोंदलं होतं. त्यांनी त्याला चंद्राचा 'हे फीवर' असं नावच दिलं. धुळीला जळक्या बंदुकीच्या दारूसारखा वास येतो असं बहुतेक सगळ्याच चांद्रवीरांनी सांगितलंय. तीन दिवसांत निभावलं. पण उद्या तिथे सहा महिने राहायचं म्हटलं तर मला दगडखाणीतल्या मजुरांची फुफ्फुसं आठवतात. तीच धारदार धूळ, फक्त अजून ताजी फोडलेली.


शंकासुर | गुरु. सकाळी १०:४०

थोडं अवांतर. हेच श्मिट नंतर न्यू मेक्सिकोचे सिनेटर होते ना, १९७७ ते ८३? आणि हवामानबदल माणसामुळे होतोय हे मानत नाहीत म्हणे? एवढा शास्त्रज्ञ माणूस!


गारगोटी | गुरु. दुपारी १:१५

हो, दोन्ही खरं. त्या विषयातले शास्त्रज्ञ त्यांच्याशी सहमत नाहीत, मीही नाही. चंद्रावरचं हेलियम-३ आणून वीज करायची हा त्यांचा लाडका विषयही मला पटत नाही. ते मातीत अब्जात काही भाग इतकंच असतं, आणि ते जाळणारी भट्टी अजून कुणाकडे नाही. दगडांबद्दल बोलताना मात्र मी त्यांचं ऐकते. यावर धागा वळवू नका, वेगळा काढा हवं तर.


उंटावरचा_शहाणा | गुरु. दुपारी १:३०

वळवत नाही. पण 'दगडांबद्दल ऐकते, हवेबद्दल नाही' हे वाक्य वहीत लिहून ठेवलंय.


मावळतीची_उन्हे | गुरु. रात्री ८:५०

त्यांनी आणलेल्या सगळ्या दगडांवर काम झालं का एव्हाना?


जुना_मास्तर | शुक्र. सकाळी ६:३५

नाही, आणि मुद्दामच नाही. काही नमुने त्या वेळी राखून ठेवले, पुढे चांगली यंत्रं येतील म्हणून. दक्षिणेकडच्या डोंगरावरून एक दरड दरीत पसरली आहे, फिकट रंगाची. टायको विवर झालं तेव्हा उडालेला राडारोडा डोंगरमाथ्यावर आदळून ती सुटली असावी असा एक अंदाज. टायको इथून दोन हजारांहून जास्त किलोमीटर लांब! त्या दरडीत ठोकलेल्या जोडनळीचा वरचा भाग २०१९ मध्ये उघडला. खालचा भाग चंद्रावरच निर्वात डब्यात बंद केला होता, तो २०२२ मध्ये. उघडणाऱ्यांतले कित्येक जण तो डबा बंद झाला तेव्हा जन्मलेही नव्हते.

दरड, ठेकेदारसाहेब. तुमचाच विषय पुन्हा.


घाटावरचा_ठेकेदार | शुक्र. सकाळी ९:१०

पाऊस नाही, पाणी नाही, तरी दरड. आमच्या खात्यातल्या साहेबांना दाखवतो. दरवर्षी पावसावर ढकलतात.


मिसळ_पाव_नको_फक्त_कट | शुक्र. संध्या. ६:००

एक कट्टा होऊन जाऊ दे का लोणारला? मास्तर आणि गारगोटीताई असतील तर मी पुण्याहून गाडी काढतो. चौघं बसतील. दगड मात्र घेऊन येणार एक, आधीच सांगतो.


गारगोटी | शुक्र. संध्या. ६:४०

मी डिसेंबरात येतेय. नक्की. मोठी मुलगीही येईल, व्याख्यानात झोपली होती ती. श्मिटनी निघताना आपला हातोडा चंद्रावरच लांब भिरकावून दिला होता. माझा एमएस्सीचा अजून आईकडे माळ्यावर आहे, तो काढते.


लोणारकर | शुक्र. रात्री ९:२०

या, या. जेवण आमच्याकडे. पहाटे लवकर उतरू, दुपारी खाली चटका फार असतो. फक्त ताई, हातोडा घरीच ठेवा आणि कटवाले, तुम्ही रिकाम्या खिशाने या. सरोवर अभयारण्यात येतं. दगड उचलताना दिसलात तर वनरक्षक आधी मला पकडेल, तो माझा मावसभाऊ आहे.